काँक्रीटबाईंची चौदा वर्षं

विद्यार्थी त्यांना पाठीमागे काँक्रीटबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा, पण त्या मंगळवारी आला तसा आयुष्यात आला नव्हता. ऑफिसातल्या टायपिस्टने प्राध्यापकांची नवी परिचयपुस्तिका तपासायला म्हणून त्यांच्या टेबलावर ठेवली. पहिल्याच पानावर नव्या डीनसाहेबांचा हसरा फोटो, आणि खाली मजकूर: ‘काँक्रीट ओझ्याखाली किती आखूडतं, याची सरांनी स्वतः उभारलेली चाचणी गेली चौदा वर्षं अखंड चालू आहे.’

“स्वतः?” बाई कडाडल्या. “स्वतः म्हणजे कोण?”

“मला दिलं ते मी टाइप केलं, बाई,” टायपिस्ट म्हणाली. ती बिचारी दुसरं काय सांगणार!

तळघरातल्या लॅबमध्ये सहा लोखंडी चौकटी होत्या. प्रत्येकीत काँक्रीटचा एक जाडजूड दंडगोल, नटांनी करकचून आवळलेला. असं ओझं सोसत राहिलेलं काँक्रीट वर्षानुवर्षं केसाकेसाने आखूड होत जातं. ते किती, हे दर सोमवारी सकाळी नऊला डायलवर वाचायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. ओझं एकदा जरी सैल झालं तरी चाचणी तिथेच संपली, मग कितीही आवळा.

या एवढ्याशा कामासाठी बाईंनी काय काय केलं! अंगात ताप घेऊन आल्या. सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या, त्याबद्दल नणंद अजून धड बोलत नाही. मुलीच्या वेळी दवाखान्यात होत्या, तेव्हा दोन सोमवार नवऱ्याला पिटाळलं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, त्यामुळे रजिस्टरमधले त्या दोन दिवसांचे आकडे तेवढे मोत्यासारखे आहेत. सर, म्हणजे तेव्हाचे विभागप्रमुख आणि आताचे डीन, चौदा वर्षांत चारदा तळघरात उतरले, आणि चारही वेळा पाहुण्यांना मिरवत.

तरी प्रत्येक शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचंच. का, तर विभागाची रीत. प्रमुखाचं नाव आधी, राबणाऱ्याचं मागून. आणि ते दर वेळी बाईंनीच आपल्या हाताने लिहिलं होतं, कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. त्यामुळे सरांचा राग आला की पाठोपाठ स्वतःचा यायचा, आणि हा दुसरा जास्त जाळायचा.

पुढच्या सोमवारी त्या लॅबमध्ये गेल्या तर भिंती चकाचक. डीनसाहेबांच्या संशोधन केंद्राचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, म्हणून शनिवारी घाईघाईत रंग दिलेला. बाईंनी पहिला डायल वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. काटा चांगलाच मागे गेला होता. सहाच्या सहा डायल तसेच.

“चौकटींना हात कुणी लावला?”

लॅब असिस्टंटची मान खाली गेली. “रंगाऱ्यांना त्या उचलवेनात, बाई. सर म्हणाले, नट सैल करून आतलं काँक्रीट बाहेर काढा, नंतर परत आवळा. मी म्हटलं, बाईंना विचारू या का? तर म्हणाले, त्यांना काय विचारायचं!”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि शाईने लिहिलं: ‘चाचणी संपली. कारण: रंगकामासाठी ओझे सैल केले.’ खाली सही केली, लॅब असिस्टंटची घेतली, आणि रजिस्टर काखोटीला मारून तरातरा जिना चढल्या.

डीनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. “अहो बाई, एवढं काय मनाला लावून घेता! पंधरा वर्षं पुरी व्हायला सहाच महिने राहिलेत. पुढची रीडिंग साधारण काय येतील ते तुम्हाला झोपेतही सांगता येईल. तेवढी भरून टाका. पुस्तिकेत ‘चालू आहे’ छापून गेलंय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “शेवटच्या पेपरवर पहिलं नाव तुमचं. आणि तुमच्या बढतीचंही यंदा मी बघतो.”

ज्या दोन गोष्टींसाठी बाई चौदा वर्षं झुरल्या, त्या साहेबांनी चहाबरोबर बिस्किटं सरकवावीत तशा पुढे केल्या. खोटं कशाला बोला, क्षणभर बाईंना मोह झाला. वहीत सहा महिन्यांचे आकडे, कुणाला कळणार होतं? आणि आपल्याला असा मोह पडला याचीच त्यांना इतकी चीड आली की कानशिलं तापली.

“चाचणी खरी होती तोवर नाव तुमचं,” त्या म्हणाल्या, “आणि आता थापा मारायच्या तर नाव माझं!”

त्यांनी रजिस्टर उघडून टेबलावर आपटलं. साहेबांनी तो मजकूर वाचला, सह्या पाहिल्या, आणि त्यांचं हसू मावळलं.

“हे मला न विचारता लिहिलंत?”

“सर,” बाई म्हणाल्या, “यातला कुठला आकडा मी तुम्हाला विचारून लिहिला होता?”