अक्कल संतरामाची

आखाडा बाळापूरच्या संतराम सुताराला एकच रोग होता. साधी खुंटी केली तरी तिच्यावर कोरणार, ‘अक्कल संतरामाची’. पोळपाटसुद्धा सोडला नव्हता. बायको शालूबाई म्हणायची, "सणाच्या पोळीवर तुमचं नाव उमटून राहिलं. लेकरं बापालाच खाऊन राहिलीत!"

एकेचाळीस साली गड्यानं शेंगा फोडायचं यंत्र केलं. खाली लोखंडी जाळी, वर झोपाळ्यागत झुलणारा ठोकळा. दांडा हलवला की भुईमुगाचे दाणे खाली. बायांची बोटं वाचली! विकण्याआधी त्यानं हिंगोलीच्या वकिलाला विचारलं.

वकील म्हणाले, "ही युक्ती दुसऱ्याच्या नावावर नोंदलेली असंल, म्हणजे त्याचं पेटंट असंल, तर तुला बनवता येणार न्हाई. पण लोक जे आधीपासून वापरतात, त्यावर कुणाचा हक्क चालत न्हाई. हैदराबादेत चौकशी कर."

हैदराबाद लांब. संतरामानं बाळापुरातच दवंडी पिटवली, "ऐका हो! शेंगा फोडायच्या यंत्रात कुणाची अक्कल असंल तर बाजाराआधी येऊन सांगा!"

झालं! अख्खं गाव अकलेचं निघालं. व्यंकटराव म्हणाले, शेंगा आमच्या रानातल्या. धनसिंग म्हणाला, लाकूड माझ्या बाभळीचं. शेवटी काठी टेकत म्हातारी पंचफुलाबाई आली. "मेल्या, ह्ये तर माझ्या सासूनं केलेलं! माळ्यावर पडलंय. कोंबडी अंडी घालून राहिली त्यात."

संतराम बघून आला. जाळी, ठोकळा, दांडा, सगळं बराबर तसंच. वर कोंबडी. त्याला रडूच आलं. तयार बारा यंत्रांवर नाव कोरायला हात उचलेना.

बाजारात तीच बारा मांडली, तर यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचा साहेब टपकला. "हे पेटंट आमचं आहे, गेल्या पाच सालांपासून. यंत्रं जप्त करवीन! सांग, ही अक्कल कुणाची?"

संतरामाची छाती सवयीनं फुगली. शालूबाईनं कोपर हाणलं, तसा वकील आठवला.

"माझी न्हाई, साहेब! पंचफुलाबाईच्या सासूची! म्या जन्मात डोकं चालवलं न्हाई. विचारा गावाला!"

गावाला काय, आयतंच मिळालं. "व्हय साहेब! ह्याला काडीची अक्कल न्हाई!" व्यंकटरावांनी तर दोनदा शपथ घेतली. एवढ्या जोरात सांगायची गरज नव्हती, असं संतरामाला वाटलं.

म्हातारीनं यंत्र कोंबडीसकट आणवलं. सासू जाऊन पंचवीस सालं झालेली. साक्षीला तिच्या तेराव्याला जेवलेलं अख्खं गाव. साहेबानं जाळीला हात लावला, कोंबडीनं चोच मारली. पेटंटचा कागद गुंडाळून साहेब गेला तो गेलाच.

बाराच्या बारा यंत्रं खपली. खुशीत संतरामानं तेरावं केलं आणि सवयीनं पटाशी चालवली, ‘अक्कल संतरामाची’. शालूबाई डोळे वटारून उभी. लाकडातलं अक्षर पुसता थोडंच येतं? बिचाऱ्यानं सुस्कारा टाकला आणि पुढं एक शब्द कोरला, ‘न्हाई’.