वाळूच्या वाटेवर आत्याबाई

माझं माहेर भिंगारचं. नव्वदचं दशक सुरू झालं त्या सुमारास लग्न होऊन मी नेवासा तालुक्यात, प्रवरेकाठच्या एका गावात आले. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई उंच, काटक, आवाजाच्या मोठ्या, पण बोलायच्या कमी. सासरे लवकर गेले होते. नदीकाठचं थोडं वावर आणि दोन मुलगे एवढ्यावर त्यांनी संसार रेटला होता. थोरले ते माझे यजमान. धाकटा दीर नेवाशाला कॉलेजात जात होता.

उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात वाळूचा लांबरुंद पट्टा उघडा पडायचा. त्यात आत्याबाई टरबुजाच्या वेली लावायच्या. कोपरभर हात घातला की वाळूत ओल लागायची. गावाची प्यायच्या पाण्याची विहीर काठावरच होती आणि भर उन्हाळ्यातही तिचं पाणी वरच असायचं. नळाची वाट बघत वाढलेल्या मला ती केवढी तरी श्रीमंती वाटली.

मग आमच्या घाटाच्या वाळूचा लिलाव झाला आणि ठेकेदाराचे ट्रक नदीत उतरायला लागले. नगरला नव्या कॉलन्या उठत होत्या, जिकडेतिकडे स्लॅब पडत होते. वाळू सगळ्यांनाच हवी होती. यजमानांना ट्रकवर ड्रायव्हरची नोकरी लागली तेव्हा घरात आनंदच झाला. त्या पगाराच्या जोरावर आम्ही मागच्या अंगाला विटांची एक खोलीही काढली. पण दोन-तीन उन्हाळ्यांत नदीचं रूप पालटलं. वाळू उपसून उपसून खालची चिकणमाती दिसायला लागली, कुठे कुठे खडक. विहिरीचा दोर वाढवला, मग आणखी वाढवला. त्या वर्षी आत्याबाईंच्या वेली उगवून आल्या आणि बघता बघता करपल्या. त्या वेलींजवळ त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग घरी येऊन चूल पेटवली.

गावाची बैठक मारुतीच्या देवळापुढे भरली. उपसा थांबवा असे अर्ज पूर्वीच देऊन झाले होते. कुणी म्हणालं मोर्चा काढू, कुणी म्हणालं पुढाऱ्याला भेटू. तेवढ्यात माझा दीर उठला. तेव्हा तो विशीचा असेल.

"अर्जानं काही होत नाही," तो म्हणाला. "एक ट्रक पेटवा. उद्या सगळा जिल्हा आपल्या नदीचं नाव घेईल."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाजूला माझे यजमान उभे होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "पेटवशील तो ट्रक कोन चालवतो, ठावं हाय का तुला?"

टाळ्या थांबल्या. बायकांमध्ये बसलेल्या आत्याबाई उठल्या. देवळापुढच्या बैठकीत बाईमाणूस उठून बोलायची रीत नव्हती, त्यामुळे आधी कुणाला कळेचना की त्या बोलायला उठल्यात.

"ट्रक पेटला तर पेपरात ट्रकाचं येईल," त्या म्हणाल्या. "नदीचं कोन छापंल? मी उद्या सकाळी ट्रकाच्या उतारावर जाऊन बसते. ज्यांना यायचं त्यांनी या. हातात काय आनू नका."

आणि त्या घरी निघाल्या. मी कंदील घेऊन मागे. यजमान येईपर्यंत त्या जेवून आडव्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारख्या भाकरी थापल्या. आत्याबाईंनी यजमानांचा डबा स्वतः बांधला, ठेच्याची पुडी वर ठेवली आणि त्यांच्या हातात दिला. मग दुसऱ्या फडक्यात स्वतःसाठी दोन भाकरी बांधल्या. माय-लेक एकाच दारातून पाच मिनिटांच्या अंतरानं बाहेर पडले.

ट्रक नदीत उतरायचा एकच उतार होता. विहिरीवरून परतताना मी घागर खाली ठेवून बघत उभी राहिले. आत्याबाई आणि आळीतल्या सात-आठ बायका उताराच्या मधोमध बसल्या होत्या. पहिला ट्रक आला तो यजमानांचा. त्यांनी हॉर्न दिला. कुणी हललं नाही. ते खाली उतरले.

"आये, ऊठ."

"न्हाई."

"लोक बघत्यात. माझी नोकरी जाईल."

"जाईल," आत्याबाई म्हणाल्या. "मला ठावं हाय. तू शिव्या दे, पन मी उठनार न्हाई."

यजमान तिथेच टायरला टेकून बसले. ऊन चढलं. दुपारी दोघांनी आपापली फडकी सोडली आणि समोरासमोर बसून भाकरी खाल्ली. संध्याकाळी यजमानांनी रिकामा ट्रक मागे घेतला. ठेकेदारानं दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते फार अवघड होतं. यजमान आईशी बोलेनात. "आईला सांग, शेळीला पाला टाकलाय." "त्याला सांग, मी बघितलंय." दोघं एकाच पडवीत आणि निरोप माझ्या तोंडून. गावातही दोन तट पडले. पारावर, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर एकच विषय. नदी वाचली पाहिजे, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो असं वाटेत बसण्यावर. गिरणीवाला म्हणायचा, म्हातारीचं खरं आहे पण पद्धत चुकीची, लोकांच्या पोटावर पाय देऊन कसली नदी वाचवायची? दिराचे मित्र म्हणायचे, नुसतं बसून काय होतंय, यांना दणका पाहिजे.

ठेकेदार स्वतः एकदा उतारावर आला. पांढरे कपडे, बोलणं गोड. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "मावशी, तुमच्या मागच्या खोलीला वाळू कुठली लावली?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, "ह्याच नदीची. खोटं कशाला सांगू? दर साली बैलगाडीनं लोक न्यायचे आन् पुरात परत भरून यायची. तुमी लई नेली, भाऊ. भरून यायला नदीला जागाच ठेवली न्हाई." मग म्हणाल्या, "पन तुमचं बी खरं हाय. हा वाद मिटंपर्यंत आमच्या खोलीला गिलावा करनार न्हाई."

ती खोली माझी होती. मला वाद मिटेपर्यंत उघड्या विटांच्या भिंतींत झोपावं लागणार होतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. त्या संध्याकाळी मी भांडी जरा जोरातच घासली. आत्याबाईंनी ऐकलं. जवळ येऊन बसल्या आणि माझ्याबरोबर भांडी विसळू लागल्या. "तुला ईचारायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "पन तवा ईचारलं असतं तर ठेकेदाराला उत्तर देता आलं न्हसतं." मला हसू आलं. राग गेला असं नाही, पण हसू आलं.

सगळ्यात टोकदार प्रश्न मात्र ठेकेदारानं नाही, एका बाईनं विचारला. ट्रकमध्ये वाळू भरायला बौद्धवाड्यातली माणसं जायची. त्यांना जमीन नव्हती. ट्रक थांबले तशी त्यांची मजुरी थांबली. त्यांच्यातली एक बाई उतारावर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आत्या, तुमाला वावर हाय, आमाला फावडं हाय. तुमी बसल्या की तुमची नदी वाचती. आमी काय खायचं ते सांगा."

आत्याबाईंनी सरळ सांगितलं, "मला सुचंना बाई." पण त्या दिवशी संध्याकाळी त्या बौद्धवाड्यात गेल्या. मलाही नेलं. समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही बसलो. लोक चिडून बोलत होते, आणि त्यांना बोलायला जागा होती. आत्याबाई ऐकत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "आमची मागनी अर्धीच हुती. तुमचं काम तीत न्हवतं. उद्या घालू." दुसऱ्या दिवशी त्या बाईला घेऊनच त्या तहसीलला गेल्या आणि वाळू बंद करा याच्या जोडीनं रोजगार हमीचं काम गावात सुरू करा, अशी मागणी तोंडी मांडून आल्या. बायका उतारावर बसत होत्या, ट्रक येऊन परत जात होते.

मग दगड पडला.

ठेकेदारानं नगरहून नवा ड्रायव्हर आणला होता. मुकुंदनगरचा मुसलमान गडी, दाढी पिकायला लागलेली. त्याला इथल्या वादाचं काहीच माहीत नव्हतं. त्यानं ट्रक बायकांपासून बऱ्याच अंतरावर थांबवला होता. बाभळीच्या आडून दगड आला आणि समोरची काच फुटली. त्याच्या कपाळातून रक्त वाहायला लागलं. बाभळीमागून पळालेला माझा दीर मी विहिरीवरून ओळखला. आत्याबाईंनीही ओळखला.

नगरच्या एका पेपरात दोन दिवसांनी बातमी आली. फुटलेल्या काचेचा मोठा फोटो, वर "आंदोलकांची दगडफेक". विहीर, दोर, चिकणमाती, काही नाही. ठेकेदाराच्या माणसानं सगळ्या बायकांवर पोलिसांत तक्रार दिली. जे आजवर आमच्या बाजूचे होते तेही म्हणायला लागले, हे असलं नको.

दीर घरात मान वर करून म्हणाला, "निदान पेपरात तरी आलं."

आत्याबाईंनी त्याच्या अंगावर हात टाकला नाही. शेजारणीकडून दूध आणलं, चरवीत भरलं आणि म्हणाल्या, "चल." नेवाशाच्या दवाखान्यात त्या त्याला घेऊन गेल्या. मीही बरोबर होते. ड्रायव्हर खाटेवर बसला होता, कपाळाला पट्टी. आत्याबाईंनी चरवी खाली ठेवली आणि दिराला पुढे केलं.

"हा माझा लेक. दगड ह्यानं मारला. तुमचं काय वाकडं हुतं म्हून मारला, ते त्यालाच ईचारा."

दिरानं मान खाली घातली. ड्रायव्हरनं विचारलं, "बेटा, मी मेलो असतो तर तुझी नदी भरली असती का?"

दीर रडायला लागला. विशीतला मुलगा, दवाखान्याच्या खोलीत, सगळ्यांसमोर. ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, याला घेऊन जा. पुरे झालं."

गावात आल्यावर आत्याबाईंनी बसणं थांबवलं. देवळापुढे उभं राहून त्यांनी सांगितलं, दगड माझ्या घरातून गेला, म्हणून आता मी बसणार नाही; हात उचलणार नाही असं प्रत्येकजण आपल्या तोंडानं म्हणेल तेव्हाच बसेन. पोरं संतापली. म्हातारी फितूर झाली, असं भिंतीवर कोळशानं लिहिलं गेलं. ट्रक परत बिनधास्त नदीत उतरायला लागले. आत्याबाई दाराशी बसून ते बघायच्या. मला वाटायचं, सगळं हातचं गेलं. त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण त्या दिवसांत त्यांचं जेवण कमी झालं होतं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

एका सकाळी यजमान त्यांच्या शेजारी जाऊन बसले. कितीतरी दिवसांनी त्यांनी आईशी सरळ शब्द काढला. "मी म्हनतो," ते म्हणाले. "मी हात उचलनार न्हाई. आता बाकीच्यांचं बघ."

एकेक करून लोक आले. दीर दुसरा आला. बौद्धवाड्यातली ती बाईसुद्धा आली. ती म्हणाली, "आमचं काम निघालं न्हाई तर मी तुमच्या म्होरं येऊन बसंन, ध्यानात ठेवा." आत्याबाई म्हणाल्या, "बस की." आणि बायका परत उतारावर गेल्या, या वेळी आधीपेक्षा कितीतरी जास्त. मीही गेले.

तक्रारीच्या चौकशीला आम्हा सगळ्यांना नेवाशाला बोलावणं आलं. तिथे तो ड्रायव्हर होता. त्याला ठेकेदारानंच साक्षीला आणलं होतं. साहेबानं विचारलं, या बायांनी दगड मारला का? तो उभा राहिला आणि म्हणाला, "नाही साहब. या बाया हात बांधून बसल्या होत्या. ज्यानं मारला त्यानं माझी माफी मागितली, माझी काही तक्रार नाही." ठेकेदाराचा चेहरा उतरला. ड्रायव्हर आमच्याकडे न बघता बाहेर पडला. नंतर कळलं की तोही पुढे त्या कामावर राहिला नाही. मला पुन्हा तो कधी भेटला नाही. भेटावा असं फार वाटायचं.

पुढच्या साली विहिरीच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या वाळूचा लिलाव निघाला नाही. रोजगार हमीतून नाल्यावर बांध घालायचं काम सुरू झालं, मागितलं होतं त्याहून कमी, पण झालं. नदी काही पूर्वीसारखी झाली नाही. दोन पावसाळ्यांनी थोडी वाळू साठली, विहिरीचं पाणी थोडं वर आलं. ठेकेदार खाली दुसऱ्या गावाच्या घाटावर गेला. यजमान साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रकवर लागले.

त्या खालच्या गावच्या बायका एकदा आत्याबाईंना न्यायला आल्या. मी सोबत गेले. तिथल्या बायकांचं मत होतं की ट्रकच्या टायरमधली हवा सोडायची. त्यानं कुणाला इजा होत नाही. आत्याबाई म्हणाल्या, ड्रायव्हर उन्हात अडकेल, तो कुणाचा तरी लेक असतो. एक तरणी बाई म्हणाली, "तुमच्या गावात बसून भागलं, कारन तुमचा लेक ड्रायव्हर हुता. तो थांबला. आमच्याकडं थांबनार न्हाईत." दिवसभर वाद चालला. चहा झाला, जेवणं झाली, पुन्हा वाद. आत्याबाईंनी आवाज चढवला नाही, त्या बायकांनीही त्यांचं ऐकलं नाही. मी दोन्हीकडचं ऐकत होते आणि मला दोन्हीकडचं पटत होतं.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. पाय दुखत होते, चेहरा थकलेला. मी म्हणाले, "आत्याबाई, कशाला एवढं? ऐकत नाहीत त्या."

"ती पोरगी बोलली ते खोटं न्हाई," त्या म्हणाल्या. "मला त्याचा ईचार करायला पायजे." मग पदरानं तोंड पुसलं. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं परत जाऊ. तू भाकरी जरा जास्त थाप, त्यांच्यात लहान लेकरं लई हायत."