नानांचं हो

पोळ्याला सायकलने गावी जायचं, हे खूळ नानांचंच. नाना म्हणजे माझे वडील. लिंबायतच्या लूमवर कापड विणण्यात त्यांची हयात गेली आणि कारखान्यात जायला-यायला कायम एकच काळी, दणकट सायकल. मी पर्वत पाटियाच्या एका दुकानात साड्यांचे फोटो काढून ऑनलाइन विकते आणि रविवारी गिअरची सायकल घेऊन चलथाणपर्यंत जाऊन येते, याची त्यांना भारी गंमत. "गिअर पायमा पाहिजेत," म्हणायचे. शेवटी म्हटलं, चला, बघूच कोणाच्या पायात किती आहेत ते. सापुताऱ्याचा घाट चढायचा आणि पलीकडे कळवणकडे उतरायचं, असं ठरलं.

खरं सांगायचं तर एवढे दिवस त्यांच्यासोबत काढायचे, याचीच मला जास्त धास्ती होती. आईच्या शेवटच्या आजारपणात ती त्यांना म्हणाली होती, मला गावी न्या. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. नाना लगेच "हो" म्हणाले. आणि मग काहीच केलं नाही. ना गाडी बघितली, ना डॉक्टरांना विचारलं. आठवड्याभराने आई दवाखान्यातच गेली. तेव्हापासून त्यांचं ते "हो" माझ्या डोक्यात जायचं. आतल्या खोलीतून भाजी आणा म्हटलं की हो, औषध घ्या म्हटलं की हो, आणि दोन्हींचा पत्ता नाही. माणसाने सरळ नाही म्हणावं, असं मला वाटायचं, पण बोलून दाखवलं नाही.

वघईपर्यंत पाऊस रिमझिम होता. शामगहान सोडलं आणि ढगच रस्त्यावर उतरले. नानांच्या पाठीवरचा पिवळा रेनकोट सोडला तर मला काही दिसेना. वाऱ्याने पाणी तोंडात जात होतं, म्हणून मी नाकातोंडावरून रुमाल घट्ट बांधला. हात असे गारठले की ब्रेक दाबला की नाही, हे बघून कळायचं. नाना मात्र उभे राहून पॅडल मारत चालले होते, त्यांच्या वयाला न शोभेल अशा जोमात. राग असूनही मला त्यांचं कौतुक वाटलं.

एका वळणावर वरून येणाऱ्या जीपवाल्याने काच खाली करून सांगितलं, पुढे दरडीचे दगड आलेत, उतरून चाला. मी जोर लावून नानांना गाठलं आणि शेजारून ओरडून तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली.

"हो, हो," म्हणाले, आणि तसेच पुढे गेले.

पुढचं चाक दगडाला अडलं आणि नाना रस्त्याच्या मधोमध आडवे झाले. आमच्या मागून चढणाऱ्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. तो थांबला, तेव्हा नानांचा पाय आणि त्याचं चाक यांत हातभरही जागा नव्हती. ड्रायव्हर खाली उतरून गुजरातीत शिव्या देऊ लागला. मी नानांना ओढून कडेला कठड्यावर बसवलं. कोपर सोलवटलं होतं, बाकी ठीक होते. ते ठीक आहेत हे पाहिल्यावर माझा तोल गेला.

"हो म्हणालात ना? मग? आईलाही असंच हो म्हणालात."

नाना माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तोंडवरना रुमाल काढ," ते म्हणाले. "माले काहीच ऐकू येत नही, बेटा."

यंत्रांच्या खडखडाटाने लूमवाल्यांना कमी ऐकू येतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक. घरात टीव्ही मोठा, बोलणं मोठं. पण काहीच नाही, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण समोर बसून बोललं की ते बरोबर उत्तर द्यायचे. ते ओठ वाचत होते. मी रुमाल खाली ओढला आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, आईला हो म्हणाल्याचं तेच वाक्य परत म्हटलं.

"तिना तोंडवर मास्क व्हता," नाना म्हणाले. "ती काहीतरी म्हने, माले समजनं नही. परत इचारतो तर तिले तरास. म्हनीसन हो म्हनं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "काय म्हने ती? तुले ऐकू उनं का?"

तो ऑक्सिजनचा मास्क माझ्या डोळ्यांसमोर आला. दोन वर्षं मी त्यांना खोटारडे समजत होते. खरं सांगितलं तर त्यांना जन्मभर पुरेल एवढा पश्चात्ताप होईल, असं वाटलं. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते आणि त्यांना फसवायला माझी जीभ रेटेना.

"माले गावले लई चाला, म्हने आई."

नानांनी कोपरावरचं रक्त रेनकोटला पुसलं. टेम्पो आम्हाला वळसा घालून निघून गेला.

"मंग बरं झायं," ते म्हणाले, "मी हो म्हनं ते."