इसार घेतलेली गाडी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांटी पहिली की दुसरी, इथे माझी नेहमी गडबड होते, आणि अक्षर म्हणाल तर वहीभर सांडल्यासारखं. जो कोणी हे वाचेल त्याने माफ करावं. पण एक सांगून ठेवते. पुढे कुठे पावसाळ्याच्या जागी 'पावसाला' असं दिसलं तर ती चूक माझी नाही. तो माणूस तसंच बोलायचा. त्याच्या गावात ळ कोणी वापरत नसे.

"यो पावसाला जाव दे, वयनी. मंग बघू."

हे बोलताना तो गाडीवरून उतरलेला असायचा आणि त्याचा तळहात सीटवर असायचा. गाडी बंद केल्यावर गरम लोखंड थोडा वेळ टिकटिक वाजत राहतं, तुम्हीही ऐकलं असेल. ती टिकटिक थांबेपर्यंत तो हात काढायचा नाही. पळून आलेल्या बैलाच्या पाठीवर असाच हात ठेवतात, त्याची धाप बसेपर्यंत. त्याच्या बापाकडे शर्यतीचे बैल होते, त्यामुळे ही सवय घरातलीच.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. मोटारसायकलींच्या मातीच्या शर्यतीतच गेला. ते मी बघितलं नाही आणि त्याबद्दल लिहिणारही नाही. मला माहीत आहे ते आधीचं.

डोंबिवलीला कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं सीट कव्हरचं दुकान होतं. बाहेर आमचे हे गिऱ्हाईक बघायचे, आत पडद्यामागे मी मशीनवर. मला परक्या माणसांशी बोलणं जमत नाही, अजूनही नाही. पडदा थोडा आखूड होता, बाजूने फट राहायची. माझं जग बघणं त्या फटीतून चालायचं.

तो कल्याणच्या खाडीकडच्या गावातला, आगरी. रंगाच्या कारखान्यात कामाला होता. नखांत पिवळा रंग कायमचा बसलेला, त्यामुळे कोणीही विचारायचं, काय रे, हळद कधी लागली? तो म्हणायचा, "रोजच लागते. नवरी बदलत नाय तेवढा बरा."

पहिल्यांदा आला तेव्हा यांना म्हणाला, सीट पातळ करा, अगदी पातळ. हे म्हणाले, अरे दोस्ता, त्यावर बसणार कसा तू? तेव्हा त्याने सरळ पडदा बाजूला केला आणि मलाच सांगितलं, "वयनी, बसाची सीट नको मना. उभा राहाची सीट पायजे."

मला हसू आलं. पण त्याचं खरं होतं. पावसात, चिखलात, चढउतारावर गाडी पळवायची तर माणूस गाडीच्या पायरीवर उभाच असतो. सीट फक्त गुडघ्यांत धरायला. मी त्याला खरखरीत रेक्झिनची, वर आडव्या पट्ट्या घातलेली सीट शिवून दिली. ती त्याला इतकी आवडली की पुढची सगळी वर्षं तो दुसरीकडे गेला नाही.

गाडी शंभर सीसीची, तीन मालकांच्या हातून आलेली. दिवा काढलेला, पुढचा पत्रा उचलून वर बसवलेला, टायरला बोटभर खाचा. रस्त्यावर ती चालायची तेव्हा कुत्री पळायची. कल्याणच्या पलीकडे, खडवलीकडच्या माळांवर पावसाळ्यात मातीच्या शर्यती लागायच्या, तिथे तो जायचा. एकदा पहिला आला आणि बक्षिसाला प्रेशर कुकर मिळाला. तो कुकर पोटाशी बांधून, चिखलाने माखलेला, तो आधी आमच्याकडे आला. मला दाखवायला.

त्याची बायको समोरच्या कोपऱ्यावर भेंडी विकायला बसायची. ती रस्ता ओलांडून आली, कुकरचं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "चांगला हाय. यात शिजवीन. खावाला मानूस घरी आला म्हंजे झाला."

सगळे हसले. ती हसली नव्हती, ते मी फटीतून बघितलं.

तिला गाडी विकून हवी होती. मुलगी लहान होती, दुसरं होणार होतं, घराच्या छपराचे पत्रे कुजले होते. आणि गाडीही थकली होती. नव्या पोरांकडे मोठ्या गाड्या आल्या. चढावर ती पोरं पुढे निघून जायची आणि याच्या तोंडावर त्यांचा चिखल उडायचा. शर्यतीहून तो आमच्याकडे यायचा. मग दुकानासमोर चर्चा बसायची. हे म्हणायचे, विकून टाक, अजून किंमत येईल. शेजारच्या गॅरेजचे मेस्त्री म्हणायचे, विकायची नसेल तर इंजिन मोठं टाक, पण मग फ्रेमही बदल, ही फ्रेम तेवढ्या जोराची नाही. तो दोघांचं ऐकायचा आणि म्हणायचा, यो पावसाला जाव दे.

असे किती पावसाळे गेले. शेवटी एका उन्हाळ्यात गिऱ्हाईक आलं.

ठाण्याचे एक साहेब होते, बँकेत नोकरीला. शर्यत बघायला पांढरे बूट घालून यायचे आणि पांढरेच घेऊन परत जायचे, कसे ते देव जाणे. त्यांनी या गाडीला जिंकताना बघितलं होतं. त्यांना तीच हवी होती. आमच्या दुकानात, यांच्यासमोर, त्यांनी तीन हजार रुपये इसार दिला. बाकीचे गाडी नेताना. "काही घाई नाही हो," साहेब म्हणाले, "पावसाळ्याआधी द्या म्हणजे झालं."

त्याची बायको त्या दिवशी मला भेंडी देऊन गेली. पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर पंधरवडाभर तो फिरकला नाही. आला तो टेम्पोतून. टेम्पोत गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन होतं, कुर्ल्याच्या भंगारातून आणलेलं, त्याच्या गाडीच्या इंजिनाच्या तिप्पट. इसाराचे तीन हजार त्यात गेले होते.

हे भडकले. "अरे, गाडी साहेबांची झाली ना? मी मध्ये आहे, माझं तोंड कुठे राहील?"

"साहेबांना देनार ना. यो पावसाला जाव दे. मोठे इंजिनाची गाडी देईन, साहेब खूष होतील."

"आणि फ्रेम?"

"जुनीच."

मेस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "मोडेल."

तेव्हा त्याने जे सांगितलं ते दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं. तो म्हणाला, "नवा बैल एकला जुपत नाय. जुन्याचे जोडीला जुपतान. जुन्याला वाट ठाव असते, तो नव्याला शिकवतं. ही फ्रेम सगले चढ जानते. ती सांभालल त्याला." मेस्त्री म्हणाले, अरे, हे लोखंड आहे. तो नुसता हसला. शेवटी मेस्त्रींनी जोडून दिलं, पण यांना साक्षीला बोलावून, मी सांगितलं होतं हे लक्षात ठेवा, असं म्हणूनच.

त्याच आठवड्यात त्याचा बाप आला. उंच, वाळलेला म्हातारा. दुकानात शिरला नाही, गाडीपासून चार हात लांब उभा राहिला.

"इसार कोनाचा घेतलास?"

"ठान्याचे साहेबांचा."

"मंग जनावर साहेबांचा. इसार घेतलेला बैल आपुन पलवत नाय. चारा घालाचा, पानी दावाचा आनि ज्याचा त्याला देवाचा. तू पलवनार?"

"बाबा, ही गाडी हाय."

"तुझे डोल्यांत गाडी नाय," म्हातारा म्हणाला. "म्हनून सांगतू."

आणि पाणीसुद्धा न पिता गेला. त्यांच्याकडे हे फार कडक पाळतात. इसार घेतल्यावर बैल शर्यतीत उतरवला तर तो बैल किंवा त्याला हाकणारा धुरकरी, दोघांतला एक परत येत नाही, असं त्यांच्या गावात धरतात. हे मला त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. सांगताना ती भेंडीची देठं मोडत होती आणि चांगली भेंडीही मोडून टाकत होती.

पाऊस सुरू झाला. गाडीचा आवाज बदलला होता. पूर्वी लांबून किरकिर ऐकू यायची, आता आधी आमच्या शटरला कंप सुटायचा आणि मग आवाज यायचा. तो सीट घेऊन आला, डाव्या बाजूची शिवण उसवली होती. मी दुहेरी दोऱ्याने घातली. आठ दिवसांनी परत तिथेच उसवली. मी मेणाचा दोरा वापरला. परत तिथेच. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी. मी पडद्याबाहेर आले आणि त्याला म्हटलं, "भाऊ, दोरा तुटत नाहीये. खालून काहीतरी ओढतंय. एकाच बाजूने."

त्याने सीटवर हात ठेवला. "खांदा टाकते ती, वयनी. नवा जोडीदार हाय. सवय होवाला येल लागल."

"मेस्त्रींना दाखव."

"यो पावसाला जाव दे."

मी चौथ्यांदा शिवून दिली.

त्या श्रावणात शर्यतीत तो पडला. उतारावर फ्रेम मानेपाशी मोडली, पुढचं चाक वेगळं गेलं आणि मागचं सगळं याच्या पायावर आलं. कल्याणच्या इस्पितळात महिनाभर होता. वाचला, पण डावा पाय गुडघ्यात वळेना. त्याची नोकरी गेली. इंजिनाला मात्र खरचटलंसुद्धा नव्हतं. ते मेस्त्रींच्या गॅरेजच्या कोपऱ्यात, त्याच गोणपाटात, येऊन बसलं.

इस्पितळातून घरी आणला तेव्हा बापाने त्याला दारात थांबवला, आत घेतला नाही. परक्याचा इसार परत करीपर्यंत गाडीच्या हांडलाला हात लावणार नाही, असं गावदेवीकडे तोंड करून बोलायला लावलं. मग आत घेतला. गावात असं बोललेलं कोणी मोडत नाही. त्यानेही मोडलं नाही.

साहेब भला माणूस. त्यांनी पैसे मागितलेसुद्धा नाहीत. पण त्याने ठरवलं होतं. बायकोबरोबर भाजी विकायला बसू लागला आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पाय ओढत आमच्या दुकानात यायचा. शंभर, कधी पन्नास. साहेब ठाण्याहून यायचे, नाही आले तर हे ठेवून घ्यायचे. पैसे देऊन झाले की तो मेस्त्रींकडे जायचा, गोणपाट सोडायचा, इंजिनात थोडं तेल सोडून हाताने फिरवायचा आणि पुन्हा बांधून ठेवायचा.

"हात लावणार नाही म्हणाला होतास ना?" हे विचारायचे.

"हांडलाला. ही काय हांडल हाय?"

त्याची बायको त्या दिवसांत पहिल्यांदा मला बरी दिसली. अंगावर थोडं मांस आलं होतं. बाजूला नवरा बसून गिऱ्हाइकांशी थट्टा करतोय, भेंडी तोलतोय, धाकटी मुलगी त्याच्या ताठ पायावरून घसरगुंडी खेळतेय. एकदा ती मला हळूच म्हणाली, "ताई, साहेबांना सांगा, महिन्याआड घेवा. नायतर तीन महिन्यांनी."

मला वाटलं पैशाची ओढ आहे. तसं विचारलं.

"पैशाचा नाय ओ. फिटला म्हंजे हा मोकला."

त्यानंतर एका महिन्यात द्यायचे पैसे तिने आधीच छपराच्या पत्र्यांना घातले. पुढे एकदा मुलीला बरं नाही म्हणाली. मुलगी समोर उड्या मारत होती. तो रागावला नाही. फक्त दुसऱ्या महिन्यात दुप्पट आणून दिले. मलाही वाटू लागलं की हे असंच चालावं. मेस्त्रींच्या दारात एक नवी फ्रेम येऊन उभी राहिली, जाड नळ्यांची. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. तिने विचारलं. मेस्त्री म्हणाले, अजून कोणाचीच नाही, वहिनी, कोणाचीच नाही.

मग काही वर्षांनी शेवटच्या हप्त्याचा तो रविवार आला. उन्हाळा संपत आला होता, दुपारी ढग भरून यायचे आणि न पडता जायचे. साहेब आले होते. तो नवा शर्ट घालून आला. मागून टोपली घेऊन ती आली आणि पायरीवर बसली, दुकानात शिरायला वाट राहणार नाही अशी.

त्याने भाजीच्या पैशातल्या एक-दोनच्या सुट्या नोटांची जुडी टेबलावर ठेवली. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "शेवटचे शंभर राहू द्या. पायाच्या औषधाला घ्या. मी आनंदाने सांगतोय."

"नाय साहेब. अंगावर कायच नको."

"देतान तर ठेवा ना," ती पायरीवरून म्हणाली.

"तू गप."

"बरं शंभर नको. येक रुपया ठेवा. येकच. मी देन साहेबांना पुढं कवातरी."

साहेबांना वाटलं ती थट्टा करतेय. ते हसले. हे माझ्याकडे बघू लागले. मी बाहेर आले, हाताला दोरा गुंडाळलेला तसाच. म्हटलं, "साहेब, एक रुपया राहू दे की. त्याने काय होतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. तेवढ्या वेळात त्याला सगळं कळलं असावं. मग बायकोकडे बघितलं, आणि त्याचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथे थोडा वेळ राहिला.

"वयनी, तुमी पन?" तो म्हणाला.

साहेबांनी नोटा मोजल्या. एक रुपया कमी भरला. तिने घरी असतानाच काढून घेतला होता. तिने मान खाली घातली. तो हसला, ताठ पाय लांब करून खिशात हात घातला, रुपयाचं नाणं काढलं आणि नोटांवर ठेवलं. साहेबांनी सगळं उचलून पाकिटात घातलं, यांनी साक्षीला मान हलवली, आणि इसार पुरा फिटला.