माझ्या हातचं पाणी

"मावशी, आईंचं सगळं तुम्हीच करायचं. फक्त खाणंपिणं आम्ही देऊ. तुमच्या हातचं त्यांना चालायचं नाही."

सदाशिव पेठेतला फ्लॅट. पेशंट सांभाळायच्या कामाचा माझा तिथला पहिला दिवस. सुनेने आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग सरळच, "म्हणजे ख्रिश्चन का?" मी हो म्हटलं. तेवढ्यावर माझ्या हाताचा निकाल लागला.

"आमचं काही नाही हो," ती हसून म्हणाली. "आम्ही सगळं मानतो. आईंचं आहे."

मी "बरं" म्हटलं.

आजींची उजवी बाजू लुळी पडलेली. जीभ जड. त्यांचं डायपर मी बदलायचे. अंग पुसायचे. पाठीवरच्या जखमेला मलम लावायचे. त्याला माझा हात चालत होता.

माझी आई मिशनच्या दवाखान्यात झाडू मारायची. म्हणायची, "रविवारी गाणी म्हणायला कुणीही येईल गं. सोमवारी कुणाचं गूमूत काढलंस ते सांग." त्यावरच मी वाढले. म्हणून तिथेही मुकाट राहिले. अपमान गिळणं म्हणजेच सेवा, असं स्वतःला समजावत राहिले.

मग ती एप्रिलमधली दुपार.

सून खराडीच्या ऑफिसात गेलेली. मुलगा परगावी. आजींच्या उशाशी ठेवलेलं पाणी संपलं. त्या म्हणाल्या, "पाणी."

मी फोन केला. सून म्हणाली, "निघालेच आहे. अर्धा तास. तोवर तुम्ही काही देऊ नका हं."

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. स्वयंपाकघर उघडं होतं. माठ मला बसल्या जागेवरून दिसत होता. माझ्या पिशवीतही बाटली होती, अर्धी भरलेली. आजी आधी "पाणी" म्हणत होत्या. मग नुसते ओठ हलायला लागले. मग जीभ टाळ्याला चिकटून सुटायची, त्याचा आवाज. टक्. टक्.

आणि मी काय केलं? त्यांचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. डोळे मिटले की त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

काम जाईल ही भीती होती. खोटं कशाला बोलू?

सून आली. चमच्याने पाणी पाजलं. ती कपडे बदलायला आत गेली, तेव्हा आजींनी मान वळवली. एकेक शब्द ओढून काढला.

"तू... का नाही... दिलंस?"

मी म्हटलं, "तुम्हाला माझ्या हातचं चालत नाही ना, आजी."

त्यांनी मान हलवली. डोक्याखालची उशी हलली. नाही, नाही.

"कोण... म्हणालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माठातलं पाणी घेतलं. आजींना टेकवून बसवलं आणि चमच्याने पाजलं. सून दारात उभी.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"आजींनी पाणी मागितलं."

"तुम्हाला सेवाच करायची असेल तर चर्चमध्ये करा. इथे नोकरी आहे."

"पाजून होऊ द्या," मी म्हटलं. "मग जाते."

चमचा खाली ठेवला नाही. आजींनी पेला संपवला. मग गेले.

महिन्याभरात आजी गेल्याचं कळलं. मला तो पेला आठवत नाही. ते दोन तास आठवतात. रविवारी चर्चमध्ये, भर सभेत गाणं चालू असताना, मध्येच टक् ऐकू येतं. पाळकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "देवाने क्षमा केली असेल, बाई." केली असेल. तहान त्याला लागली नव्हती. विचारायला आता आजी उरलेल्या नाहीत.

त्यातून मला सुटायचंही नाही.

आता नव्या घरी गेले की चप्पल काढायच्या आधी सांगते. मी ख्रिस्ती. पेशंटचं खाणंपिणं मीच करणार. त्यांनी मागितलं की कुणाला न विचारता देणार. आतापर्यंत तीन दारं बंद झाली. मुलगी म्हणते, निदान पहिल्या दिवशी तरी गप्प बस. नाही. पहिल्या दिवशी गप्प बसूनच तर सगळं झालं.

गेल्या आठवड्यात कोथरूडला गेले होते. घरातल्या गृहस्थांनी ऐकून घेतलं. चष्मा पुसला. म्हणाले, "आम्ही विचार करून कळवतो."

"विचार करायचा असेल तर कळवू नका," मी म्हटलं आणि जिना उतरले.