तातोबाचा अंगठा

"डॉक्टर, ह्याला मळ्यात घेऊ का नको, तेवढंच सांगा," जिनगोंडा अण्णा म्हणाले. त्यांच्या मागं तातोबा दोन्ही हात धोतरात लपवून उभा होता.

अण्णांचा कृष्णाकाठी पानमळा होता, म्हणजे विड्याच्या पानांची बाग. तातोबा वीस वर्षं तिथं पानं खुडत होता. एका व्यापाऱ्यानं त्याचे हात पाहिले आणि महारोग्यानं खुडलेली पानं मी घेणार नाही, असं बाजारात बोलून टाकलं. लढाईची वर्षं होती. मी मूळचा साताऱ्याचा, सांगलीत नुकताच दवाखाना थाटलेला. पानाशी माझा संबंध जेवणानंतरचा.

उजव्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं आणि कडेनं भुगा झालेलं होतं. बोटांच्या बेचक्यात गोल चट्टा. त्यावर टाचणी टोचली, तर तातोबानं हात झटकला. महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, हा तर खाजत होता. नखाचा भुगा काचेवर घेतला, पोटॅशचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. साधा नायटा, फक्त नखात शिरलेला.

"म्हंजे महारोग न्हाई?" तातोबानं दोनदा विचारलं.

तेव्हा नायट्यावर पोटात घ्यायची गोळी नव्हती. बेंझॉइक आणि सॅलिसिलिक ॲसिडचं मलम आम्हीच घोटून डबीत भरायचो. कातडीला ते लागू पडतं, नख मात्र औषध सहजी आत घेत नाही. म्हणून आधी कोमट पाण्यात भिजवायचं, कानशीनं घासायचं, मग मलम चोळायचं आणि नवं नख मुळापासून पुढं येईपर्यंत धीर धरायचा. अण्णांनी गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली. तोवर नख सुधारलं नाही, तर तातोबाला मळा बंद.

महिन्याभरात चट्टा गेला. नखाच्या मुळाशी स्वच्छ कोर दिसू लागली आणि मी स्वतःवर खूश झालो. मग तीच कोर पुन्हा पिवळी पडली आणि डावा अंगठाही बिघडला.

मी तातोबाला फैलावर घेतलं. मलम लावत नसशील, नुसता होकार देतोस, असं बरंच बोललो. त्यानं डबी पुढं केली. आतून बोटानं पुसून काढलेली, कणभरही मलम उरलेलं नव्हतं. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सायकल काढून मळ्यावर गेलो. पानमळ्यात सोवळं पाळतात. चपला बाहेर काढून, पाय धुऊन आत शिरलो. पानवेल जिच्यावर चढवतात त्या शेवरीच्या फांदीला अडकवलेल्या टोपलीतून तातोबानं लोखंडाच्या दोन टोप्या काढल्या आणि अंगठ्यांवर चढवल्या. त्यांना नख्या म्हणतात. त्यांच्या धारेनं पानाचं देठ कापायचं. सैल होऊ नयेत म्हणून आत चिंध्या कोंबलेल्या, घामानं काळ्या आणि ओल्या.

"ह्या कुणाच्या?"

"मळ्याच्या. ज्याची खुडायची पाळी, तो घालतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलंच न्हाई. आन् मळ्यातलं मळ्यातच ऱ्हातंय, घरी न्हेत न्हाईत."

रोज रात्री मी दिलेलं मलम आणि रोज सकाळी ती चिंधी. मी बाकीच्यांचे अंगठे पाहिले. आणखी एक गडी नायटा लपवून बसला होता. चिंध्या जाळल्या, नख्या उकळल्या. प्रत्येकाला वेगळी जोडी आणि दर खेपेला धुतलेली चिंधी, असं ठरलं. पाडवा तोंडावर होता. अण्णांना मुदत वाढवायला सांगितली, तर ते म्हणाले, "मुदत कसली, डॉक्टर? नख्या माझ्या मळ्याच्या."

तातोबाची नखं पुरती निवळायला पुढचा दसरा उजाडला. तेव्हा अण्णांनी त्या व्यापाऱ्याला मळ्यात बोलावलं. तातोबानं नखी न घालता एक पान खुडलं. अण्णांनी चंची सोडून विडा केला आणि व्यापाऱ्यापुढं धरला. व्यापारी माझ्याकडं पाहू लागला. म्हणून अण्णांनी तो माझ्यापुढं केला.

क्षणभर माझाही हात अडखळला. बुरशी गेल्याचं मीच तपासलं होतं, तरीसुद्धा. तातोबानं ते पाहिलं आणि नजर खाली वळवली. मी विडा तोंडात घातला.

तेव्हापासून रोग्याला दोन प्रश्न जास्त विचारतो. दिवसभर हातात काय असतं आणि ते आणखी कुणाच्या हातात जातं. आपलाच हात अडखळला तर काय करायचं, त्यावर मलम मला अजून सापडलेलं नाही.