माझे वडील उठले होते

"मी असं ऐकलं," सर म्हणाले, "की हिचे वडील बँडमध्ये वाजवायचे. लग्नात सगळ्यांचं जेवून झालं की उष्ट्या पत्रावळ्यांशेजारी बसून उरलंसुरलं खायचे. ही लहान मुलगी सोबत असायची. घमेल्यातल्या भातावर ही वाढली. आणि आज ती आपल्या टीममध्ये बसते."

एवढं बोलून त्यांनी छातीवर हात ठेवला.

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसची ट्रेनिंगची खोली. काचेच्या भिंती. आमची सगळी टीम गोल करून बसलेली. विषय होता, नीट ऐकावं कसं आणि ठामपणे बोलावं कसं. बाहेरून आलेल्या ट्रेनर मॅडमनी जोड्या लावल्या होत्या. एकानं आपल्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायचा. दुसऱ्यानं मधे न बोलता ऐकायचा. मग उभं राहून सगळ्यांसमोर परत सांगायचा, "मी असं ऐकलं की" अशी सुरुवात करून. ज्याचा प्रसंग, त्यानं शेवटी "बरोबर" म्हणायचं. तो म्हणेपर्यंत ऐकणाऱ्यानं खाली बसायचं नाही. असा नियम. माझ्या जोडीला आले सर, आमचे मॅनेजर.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर?"

सर उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते. समोरच्या एकीनं डोळ्याला रुमाल लावलेला.

"बरोबर," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. सर खाली बसले.

मी काय सांगितलं होतं, ते आधी लिहिते.

माझे वडील, अण्णा, आमच्या तालुक्याच्या गावी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. बँडवाले कोण, कुठल्या वस्तीतले, हे तिकडे कोणी विचारत नाही. माहीत असतं. मी तिसरीत असताना शेजारच्या गावात मोठ्या घरचं लग्न होतं. सुट्टी होती आणि बुंदी मिळणार होती, म्हणून मी मागे लागून गेले. बँड सकाळपासून वाजत होता. पंगतीवर पंगती उठल्या. मग बँडवाल्यांना मांडवामागं बसवलं. जिथं उष्ट्या पत्रावळ्या टाकत होते, तिथं. कुत्री होती. दोन माणसं भात घेऊन आली. घमेल्यात. ज्यात सिमेंट कालवतात, त्या घमेल्यात.

अण्णांनी घमेल्याकडे पाहिलं. क्लॅरिनेट फडक्यानं पुसलं. सुटं केलं. पेटीत ठेवलं. मग आपल्या माणसांना एक शब्द म्हणाले. "उठा."

घरमालक धावत आला. "आरं, वरात कोण वाजवणार?"

"वरात निघंल तवा निघंल," अण्णा म्हणाले. "आमी निघालो."

आम्ही चालत घरी आलो. एक घास न खाता. मला भूक लागली होती आणि मी बुंदीसाठी रडत होते. अण्णांनी मला समजावलं नाही. खांद्यावर घेतलं नाही. नुसते पुढं चालत राहिले. त्या मोसमात त्या गावातून बँडला एकही सुपारी आली नाही.

हे मी सांगितलं होतं. सरांनी ऐकलं घमेलं. ऐकल्या पत्रावळ्या. "उठा" ऐकलंच नाही.

आणि मी "बरोबर" म्हणाले.

का म्हणाले, तेही सांगायला हवं. मी सरांची ऋणी होते. अजूनही आहे. मुलाखतीत माझं इंग्रजी तिसऱ्या वाक्याला अडखळलं. बाकीचे दोघं कागद चाळायला लागले. सर म्हणाले, "मराठीत सांग. चालेल." मी मराठीत सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्या दिवशी त्यांनी ऐकलं नसतं, तर आज मी या शहरात नसते. अशा माणसाला सगळ्यांसमोर "चूक" कसं म्हणायचं? आम्हाला शाळेत उपकार लक्षात ठेवायला शिकवलं होतं. उपकार करणाऱ्याला अडवायला शिकवलं नव्हतं.

ती गोष्ट मग ऑफिसभर फिरली. नवी मुलं रुजू झाली की सर त्यांना माझ्या टेबलाजवळ आणत. "ही ती." मुलं ओशाळं हसत. परदेशातले पाहुणे आले की तीच गोष्ट इंग्रजीत. दर वेळी थोडी वाढलेली. आधी अण्णा उरलेलं खायचे. पुढं ते हात जोडायला लागले. मग माझ्यासाठी भात धोतराच्या सोग्यात बांधून आणायला लागले. अण्णा धोतर नेसत नाहीत. बँडची पँट घालतात, लाल पट्टीची.

एकदा टीमचं जेवण होतं. बिर्याणी उरली. एका सहकारी मुलीनं ती डब्यात भरली आणि माझ्या हातात दिली. फक्त माझ्या.

"तू घेऊन जा गं. तुला अन्नाची किंमत आहे."

ती मनापासून म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच डबा परत करता येईना. मी "थँक्यू" म्हणाले. कंपनीच्या बसमध्ये तो डबा मांडीवर घेऊन बसले. ट्रॅफिक तुंबलं होतं. डबा गरम होता आणि मांडी भाजत होती. खाली ठेवावासा वाटला नाही. उघडावासाही वाटला नाही. तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते घमेलं माझ्यापर्यंत आलं होतं. आणि मी ते धरून बसले होते.

अण्णांचा फोन आला की मी "सगळं मस्त" म्हणायची. एकदा ते म्हणाले, "आवाज का दबलाय तुजा?"

"काही नाही. सर्दी."

"पोरी, क्लॅरिनेट फुकून खातो मी. दम कुठं तुटतो ते कळतंय मला."

तरी मी सांगितलं नाही.

मग फॅमिली डे जाहीर झाला. आई-वडिलांना ऑफिस दाखवायचं, कार्यक्रम, जेवण. सर स्वतः माझ्या टेबलाशी आले. "बाबांना आणायचं हं. मी स्टेजवरून ती गोष्ट सांगणार आहे. त्यांच्यासमोर."

ऑफिसनं मला काहीही समजावं, ते मी इतके दिवस सोसलं होतं. पण अण्णा तिथं बसणार होते. त्यांच्याच तोंडावर, त्यांच्याच आयुष्यात, त्यांना त्या घमेल्यातला भात खायला लावणार होते. आणि टाळ्या वाजवणार होते.

लहानपणी अण्णांच्या बँडचा सराव मी ओट्यावर बसून बघायची. नवीन गाणं असलं की अण्णा पहिल्या फेरीला वाजवत नसत. क्लॅरिनेट मांडीवर ठेवून नुसते ऐकत. ढोल कुठं पडतो, ट्रम्पेट कुठं थांबतो. शिकाऊ माणसाला सांगत, "आदी सगळ्यांचं ऐक. मग तुजी जागा आली की फुक. दबून न्हाई, आरडून न्हाई. आन् जागा सोडायची न्हाई."

ते डोक्यात धरून मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, फॅमिली डेला माझी गोष्ट सांगू नका."

"का गं? त्यांच्यासाठीच तर सांगायची आहे."

"आधी मला तुमचं ऐकायचंय. ती तुम्हाला का सांगावीशी वाटते?"

ते जरा चमकले. मग बोलले. त्यांचे वडील मोठे अधिकारी होते. मुलाच्या शाळेत, कॉलेजात, एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. "तुझ्या वडिलांनी तुझ्यासाठी एवढं सोसलं. मला हेवा वाटतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. मी मधे बोलले नाही. ते खरं बोलत होते.

मी म्हणाले, "मी असं ऐकलं की तुमचे वडील तुमच्यासाठी कधी आले नाहीत, आणि माझ्या वडिलांच्या गोष्टीत तुम्हाला तसे वडील सापडतात. बरोबर?"

"बरोबर," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"आता माझं ऐका. माझे वडील त्या भातासमोर बसले नाहीत, सर. उठले. गोष्ट उठण्याची आहे. तुम्ही सांगता ती त्यांची नाही."

बोलता बोलता त्यांचे डोळे स्क्रीनवर गेले. मेल आला असावा. मी थांबले. ते परत माझ्याकडे वळले.

"पण तेव्हा तर तू बरोबर म्हणालीस."

"घाबरून म्हणाले."

"मला घाबरलीस? वा. आता वाघच झालो मी." ते हसले. "तुमच्यात ना, हा एक प्रॉब्लेम असतो. आम्ही कौतुक करायला जावं, तर तुम्हाला अपमान दिसतो."

"तुमच्यात म्हणजे कोणाच्यात, सर?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग ते म्हणाले, "बरं बाई. नाही घेत तुझं नाव. खूश?"

मी "थँक्यू सर" म्हणाले आणि बाहेर आले. पायऱ्या उतरताना हलकं वाटत होतं. एक चूक झाली होती. त्यांचं मी ऐकून परत सांगितलं होतं. माझं काय ऐकलं, हे त्यांना विचारलंच नव्हतं.

अण्णांना स्वारगेटला उतरवून घेतलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवी चप्पल. ऑफिसच्या काचा बघून म्हणाले, "पुसतंय कोण ह्या?" मी हसले. आम्ही हॉलमध्ये मधल्या रांगेत बसलो.

सर स्टेजवर आले. "आज मी एका वडिलांबद्दल बोलणार आहे. नाव घेणार नाही, कारण मी शब्द दिलाय. पण ते इथंच बसलेत. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात."

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. अण्णा आधी हसले. त्यांना वाटलं, वाजवण्याबद्दल काही बोलणार. मग सर पत्रावळ्यांवर आले. भातावर आले. सोग्यावर आले. अण्णांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. विसरून राहिल्यासारखं. त्यांचे हात मांडीवर होते. ताल धरलेली बोटं थांबली.

मी उठले.

"सर, थांबा."

माझ्याकडे माइक नव्हता. मी ओरडले नाही. दबलेही नाही.

"ते वडील हे. माझे. यांच्यासमोर भात घमेल्यात आणला होता, हे खरं आहे. यांनी तो खाल्ला नाही. वाद्य पेटीत ठेवलं, आपल्या माणसांना उठवलं आणि वरात सोडून निघाले. मी तिथं होते. मी उपाशी घरी आले. गोष्ट एवढीच आहे. सर, आता तुम्ही काय ऐकलंत, ते सांगा."

सर म्हणाले, "आपण हे नंतर बोलू."

"नंतर नाही. माझे वडील आत्ता बसलेत."

त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "ठीक आहे. मी असं ऐकलं, की आमच्या या मॅडमना माझं सांगणं पसंत पडलं नाही."

मागं कोणीतरी हसलं.

"चूक," मी म्हणाले. "परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं नाही. निवेदन करणाऱ्या मुलीनं घाईनं पुढचं नाव पुकारलं. लहान मुलं नाचायला आली. गाणं लागलं. मी उभीच होते. या वेळी टाळी नव्हती.

मी अण्णांच्या कानाशी वाकले. "चला, जाऊ."

"कशापायी?"

"म्हणजे?"

"बस खाली. जेवून जायाचं. तवा घमेलं हुतं म्हणून उठलो. हितं ताट हाय, खुर्ची हाय, बोलवून आणलंय. आपण चोरी केलीया का?"

ते जेवले. हॉलच्या मधोमध असलेल्या टेबलावर. वाढणाऱ्याला बोलावून भाजी परत मागून घेतली. आमच्या टेबलावर दुसरं कोणी बसलं नाही. बिर्याणीचा डबा देणारी मुलगी लांबून बघत होती. जवळ आली नाही.

परतीच्या वाटेवर मी त्यांना सांगितलं, की सर ही गोष्ट बरेच दिवस सांगतायत. स्वारगेटला एसटी लागली. पायरीवर पाय ठेवून ते वळले.

"पयल्यांदा सांगितलं तवाच का न्हाई बोललीस?"

"मी त्यांना 'बरोबर' म्हणाले, अण्णा."

त्यांनी मान हलवली. बरं केलंस म्हणाले नाहीत. असू दे म्हणाले नाहीत. आत जाऊन बसले. खिडकीतून माझ्याकडे बघत राहिले, गाडी हलेपर्यंत.

त्यानंतर माझ्या टेबलाशी पाहुणे आले नाहीत. वर्षाच्या मूल्यमापनात लिहून आलं, 'टीममध्ये मिसळण्यात सुधारणेस वाव.' मला दुसऱ्या कामावर टाकलं. सर समोरून आले तर फोनमध्ये बघतात. त्यांनी मला मराठीत बोलू दिलं होतं, हे मी विसरलेली नाही. विसरणार नाही. त्याची परतफेड मी कामानं करीन. बापानं करणार नाही.

यंदा तेच ट्रेनिंग पुन्हा झालं. ट्रेनर नवे, जोड्या नव्या. माझ्या जोडीला नवीन रुजू झालेला एक मुलगा होता. आधी त्याचं मी ऐकलं. उभं राहून परत सांगितलं. तो म्हणाला, "जवळजवळ बरोबर." मी बसले नाही. कुठं चुकलं ते विचारलं, परत ऐकलं, परत सांगितलं. तो "बरोबर" म्हणाल्यावर बसले.

मग मी मांडवामागची गोष्ट सांगितली. तीच. तो उभा राहिला. चांगला मुलगा होता. घसा खाकरला.

"मी असं ऐकलं, की यांचं बालपण फार गरिबीत गेलं."

ट्रेनरनी माझ्याकडे पाहिलं. जेवणाची वेळ होत आली होती. सगळे घड्याळ बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "बसू नकोस. मी परत सांगते. ऐक."